लॅपटॉप नसताना फोनवर कोड लिहायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पन्हाळा तालुक्यातल्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला येते. लॅपटॉप नाही आणि यंदा होईल असं वाटत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा मशीन मिळतं, तेही दोघींत एक. ४ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन आहे. त्यावर सी, पायथन आणि वेबपेज खरोखर शिकता येईल का? कुठलं ॲप घेऊ? आत्ता जे घेतलंय त्यात नोट्समधला साधा प्रोग्रॅम टाकला तरी एरर येते."

शिकता येईल. (अगं-तुगं करतोय, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.) ॲपचं नाव मात्र जरा नंतर सांगतो, कारण तुझी अडचण ॲपमध्ये नसावी असा माझा अंदाज आहे.

राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे. उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना, मशिनशॉपना चलन, स्टॉक, बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. १९ वर्षं झाली. फोनवर काम करायला मी हौसेनं शिकलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं, पलीकडं जायची वाट बंद, आणि आमच्या भागात लाइटचा पत्ता नाही. लॅपटॉपनं पहिल्याच दुपारी मान टाकली. फोन मात्र गाडीतल्या चार्जरवर जिवंत राहिला. त्या आठवड्यात अंगठ्यांनी जे काम केलं ते बघून मलाच नवल वाटलं, आणि जे जमलं नाही तेही नीट लक्षात राहिलं. तेव्हापासून फोन हे माझं दुसरं मशीन आहे.

कधी एखाद्या फौंड्रीत गेलीस तर बघ. कास्टिंग साच्यात होतं. गार झालं की ते बाहेर काढतात आणि त्याला चिकटलेली वाळू, रायझरचे कोंब, नको त्या कडा ग्राइंडरनं काढतात. त्याला फेटलिंग म्हणतात. फोन हा तसा ग्राइंडर आहे. तयार कोड घासायला, तपासायला, एखादी ओळ बदलायला, चालवून बघायला झकास. साचा मात्र दुसरीकडं करावा लागतो. माझ्याकडं त्यासाठी ऑफिसातलं मशीन आहे, तुझ्याकडं वही.

वही म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. मेसेज तू भराभर लिहितेस कारण पुढचा शब्द कीबोर्ड ओळखतो. कोडमध्ये त्याला काही ओळखता येत नाही. महिरपी कंस, अर्धविराम, अंडरस्कोअर ही सगळी चिन्हं कीबोर्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लपलेली. वर आणि कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा त्यानंच खाल्ला, तुला दिसणार जेमतेम बारा-चौदा ओळी. अशा खिडकीतून बघत विचार करायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून अख्खा वाडा बघण्यासारखं आहे. विचार कागदावर कर, टाइप फक्त झालेला निर्णय कर.

आपल्या घरचंच एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात इथं प्रत्येकाच्या फोनवर दिवसातून चार वेळा मेसेज येतो: राजाराम बंधारा (पंचगंगेवरचा), पाणी पातळी इतके फूट इतके इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शेंबडं पोरगंही सांगेल. समज, तुला असा प्रोग्रॅम करायचाय की मेसेजची ओळ दिली की धोक्याच्या पातळीला किती इंच उरले ते कळावं.

थेट फोनवर लिहायला बसलीस तर पहिला मोह होतो तो ४२ फूट १० इंच हे ४२.१० असं लिहिण्याचा. मेसेजात, बोलण्यात आपण तसं लिहितोच. पण कुठल्याही भाषेला ४२.१० आणि ४२.१ एकच. मग ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.९ हे त्याला ४२ फूट १० इंचापेक्षा मोठं वाटतं. पाणी एक इंच चढलं आणि तुझा प्रोग्रॅम सांगतोय की उतरलं! एरर येणार नाही, काही नाही, निमूटपणे खोटं बोलेल. ही चूक टाइप करताना सापडत नाही, कारण सगळं लक्ष पुढचा कंस कुठं दडलाय याच्याकडं असतं. वहीत मांडताना सापडते. वहीत हे साध्या मराठीत लिही:

ओळीतले आकडे काढ.
पहिला फूट, दुसरा इंच. दुसरा नसेल तर शून्य धर.
एकूण = फूट × १२ + इंच.
उरले = ५१६ − एकूण.

४३ फूट म्हणजे ५१६ इंच. ४२ फूट १० इंच म्हणजे ५१४. उरले २. हे उत्तरही वहीतच काढून ठेव, म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर ताडून बघायला काहीतरी हाताशी राहील. पायथनमध्ये याच्या सहा-सात ओळी होतात. एसटीत जागा मिळाली तर वाघबीळ यायच्या आत टाइप करून होतील, नाही मिळाली तर एका हातानं दांडी धरून वही वाचायला काही हरकत नाही.

आता मजा बघ. मेसेजमधले आकडे मराठीत असतात. मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथनच्या इंट फंक्शनला "४२" अशी देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) दिलीस तरी ते बरोबर बेचाळीस समजतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची भाषा) बॅकस्लॅश डी सुद्धा देवनागरी आकडे ओळखतो, त्यामुळं आकडे काढायचं काम एका ओळीत होतं. तेच जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला दिलंस तर ते "नॅन" (हा आकडाच नाही) म्हणून हात वर करतं. आणि सीमधलं त्याच कामाचं एटूआय? ते गपचूप शून्य देतं. म्हणजे गावात पाणी शिरलेलं असताना प्रोग्रॅम सांगणार, निवांत राहा, अजून ५१६ इंच बाकी आहेत. आमच्या धंद्यात हात वर करणारा प्रोग्रॅम परवडतो, गपचूप शून्य देणारा नाही.

हा प्रोग्रॅम चालला की मग खऱ्या मेसेजवर चालवून बघ. एखाद्या मेसेजात सुरुवातीला तारीख असेल, आणि ७ ऑगस्टचे ७ फूट होऊन बसतील. तेव्हा "पहिला आकडा" ऐवजी "फूट या शब्दाच्या आधीचा आकडा" अशी दुरुस्ती करावी लागेल. ही दुरुस्ती म्हणजे फेटलिंग. ती फोनवरच कर, त्यासाठी लॅबची वाट बघू नकोस.

आता तुझी एरर. नोट्समधला साधा प्रोग्रॅम टाकला तरी चालत नाही म्हणालीस. दहात आठ वेळा याचं कारण अवतरणचिन्ह असतं. पीडीएफ नोट्स किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात अवतरणं वाकडी असतात, उघडायचं वेगळं आणि मिटायचं वेगळं. कोडला सरळ उभं अवतरण लागतं. लहान पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पायथन निदान तोंड उघडून सांगतो की अमुक ओळीत अवैध अक्षर आहे, आणि त्याचा युनिकोड क्रमांकही देतो. दुसरा लपलेला शत्रू म्हणजे न मोडणारी स्पेस. वेबपेजवरून कॉपी केलेल्या कोडमध्ये ती साध्या स्पेससारखी बसलेली असते, डोळ्यांना दिसतच नाही. उपाय गावठी आहे: संशयास्पद ओळ पूर्ण पुसायची आणि हातानं पुन्हा लिहायची.

कॉपी-पेस्टवरून आठवलं, मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर कोड पाठवताना जपून. दोन ताऱ्यांमधला शब्द तिथं ठळक होतो आणि अंडरस्कोअरमधला तिरका, चिन्हं दिसायची बंद होतात. पुढचीनं बघून उतरवलं की तिची एरर सुरू. कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाकले की मजकूर जसाच्या तसा राहतो. फाइल म्हणून पाठवणं त्याहून बरं.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं आणि दोनदा स्पेस दाबल्यावर पूर्णविराम टाकणं, या तिन्ही गोष्टी बंद कर. पायथनमध्ये चार स्पेसचं इंडेंट देताना तो पूर्णविराम मधेच येऊन बसतो आणि माणूस तासभर शोधत राहतो. मराठी कीबोर्डवरून परत येताना आकडे मराठीच राहिले नाहीत ना तेही बघ, कारण स्ट्रिंगमध्ये देवनागरी आकडे चालले तरी कोडमध्ये थेट ३९ असं लिहिलेलं पायथनला चालत नाही. मेसेज लिहायचा कीबोर्ड आणि कोड लिहायचा कीबोर्ड हे दोन वेगळे ठेवलेस तर सगळ्यात सोपं. अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड नावाचा एक फुकट कीबोर्ड आहे, त्यात बटणाच्या कोपऱ्याकडं बोट सरकवलं की चिन्हं उमटतात. पहिले दोन दिवस शिव्या देशील, तिसऱ्या दिवसापासून हात बसतो.

मी हे इतकं तावातावानं का सांगतोय त्याला कारण आहे. जयसिंगपूरला एका लग्नात जेवायच्या पंगतीत होतो. एका गिऱ्हाइकाचा फोन आला: डिस्पॅच चलन प्रिंट होत नाही, दोन ट्रक गेटवर उभे आहेत. म्हटलं, किरकोळ आहे. हात धुतले, मंगल कार्यालयाच्या जिन्यात उभा राहिलो, फोनवरूनच त्यांच्या सर्व्हरला जोडलो आणि चालू सेटिंग फाइलमध्येच एक ओळ बदलली. कीबोर्डनं त्या ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल करून टाकलं. मला ते दिसलं नाही. सर्व्हिस बंद करून चालू केली ती चालूच होईना. आधी नुसतं चलन बंद होतं, आता अख्खं सॉफ्टवेअर बंद. चाळीस मिनिटं त्या जिन्यात घाम पुसत उभा होतो, वर बँड वाजतोय, फोनवर गिऱ्हाईक ओरडतंय. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून फोनवरून चालू फाइलला हात लावायच्या आधी तिची कॉपी करतो, आणि बदलल्यावर जुनी-नवी समोरासमोर लावून काय बदललं ते वाचतो. गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) असेल तर गिट डिफ हेच काम करतं. फोनवर ती सवय मोठ्या मशीनपेक्षा दहापट जास्त लागते.

बरं, आता ॲप. पायथनसाठी पायड्रॉइड ३ घे. इंटरनेट नसलं तरी चालतं, नमपायसारख्या लायब्ररींच्या (आकडेमोडीचा वगैरे तयार कोड) फोनसाठी तयार केलेल्या प्रती त्यांच्याकडं मिळतात, आणि चालवायचं बटण पिवळं धमक समोर असतं. वेबपेजसाठी एकोड. मुक्त स्रोत आहे, हलकं आहे, एचटीएमएल लिहून तिथंच बघता येतं. फोनच्या क्रोममध्ये मोठ्या मशीनसारखी डेव्हलपर टूल्स उघडत नाहीत, तेव्हा जावास्क्रिप्टची एरर बघायला इरुडा नावाची छोटी लायब्ररी पेजमध्ये जोड, पेजवरच कन्सोल मिळतो.

सीसाठी आणि खरं तर सगळ्यासाठीच, माझं मत विचारशील तर टर्मक्स. फोनमध्ये लिनक्सचं टर्मिनल. पहिल्यांदा काळा पडदा बघून घाबरायला होतं, पण नोकरीला लागल्यावर ज्या कमांड वापरशील त्या इथंच हातात बसतात. हे एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे मुक्त स्रोत ॲपच्या दुकानातून घे. त्यामागं कारण आहे: अँड्रॉइड १० पासून गूगलनं नियम केला की नव्या धोरणाला धरून बनवलेल्या ॲपनं स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवायची नाही. टर्मक्सचा तर सगळा संसारच त्यावर. म्हणून एफ-ड्रॉइडची आवृत्ती जुनं धोरण धरून राहिली आणि प्ले स्टोअरची वाट वेगळी झाली. टर्मक्सची जोडॲप घेशील तीही एकाच ठिकाणाहून घे, दोन दुकानांची मिसळली तर ॲपवरच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि ती बसत नाहीत.

आत गेल्यावर पीकेजी इन्स्टॉल क्लँग असं लिहिलं की सीचा कंपायलर येतो. जीसीसी लिहिलंस तरी इथं क्लँगच चालतो, दचकू नकोस. कॉलेजच्या नोट्स टर्बो सीच्या असतील तर कोनिओ डॉट एच आणि क्लीअर स्क्रीनच्या ओळी काढून टाक. त्या जुन्या डॉसच्या जगातल्या आहेत, इथं मिळणार नाहीत. व्हॉइड मेनवरही क्लँग कुरकुरतो, तिथं इंट मेन लिही. परीक्षेत सर जे मागतील ते लिही, तो वेगळा विषय.

टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण हे कंट्रोलचं काम करतं. ते धरून सी दाबलं की अडकलेला प्रोग्रॅम थांबतो. आवाज वाढवायचं बटण धरून टी दाबलं की टॅब, ई दाबलं की एस्केप, आणि डब्ल्यू, ए, एस, डी म्हणजे चार दिशांचे बाण. मला हे कळायला दोन महिने लागले होते.

पायथनच्या लायब्ररी टर्मक्समध्ये पिपनं (पायथनच्या लायब्ररी उतरवणारं साधन) घ्यायला गेलीस तर काही तासन्‌तास कंपाइल होत बसतात आणि शेवटी पडतात. साध्या लिनक्ससाठी तयार केलेल्या प्रती अँड्रॉइडच्या मूळ लायब्ररीवर चालत नाहीत म्हणून हे होतं. नमपाय हवं असेल तर पीकेजीनं पायथन-नमपाय घे, ते तयार मिळतं. आणि मराठी मजकूर टर्मिनलमध्ये मोडका दिसला, वेलांट्या इकडंतिकडं पळाल्या, तर फाइल बिघडली असं समजू नकोस. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा खण देतं, आपली जोडाक्षरं त्यात मावत नाहीत एवढंच. तीच फाइल एकोडमध्ये उघड, ठीक दिसेल.

एडिटर कुठला? सुरुवातीला नॅनो. महिन्याभरानं मात्र विम शिकून बघ. लोक म्हणतात विम अवघड, आणि मोठ्या कीबोर्डवर ते खरंही आहे. फोनवर गणित उलटं होतं. नॅनोत प्रत्येक गोष्टीला कंट्रोल धरावा लागतो, आणि अंगठ्यानं दोन बटणं एकदम धरणं ही कसरत. विममध्ये कमांड म्हणजे साधी अक्षरं. डीडी म्हटलं की ओळ गेली, यू म्हटलं की परत आली, सीआय आणि अवतरण म्हटलं की अवतरणातला मजकूर पुसून तिथं नवा लिहायला तयार. याचा पूर्वज व्हीआय बिल जॉयनं १९७६ साली लिहिला तेव्हा तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं पडद्यावर यायची, त्यामुळं कमीत कमी बटणांत जास्तीत जास्त काम हीच त्याची गरज. पन्नास वर्षांनी पन्हाळ्याच्या एसटीत तुझी गरज तीच आहे.

फाइली कुठं ठेवायच्या हे नीट समजून घे, कारण इथं रडारड होते. टर्मक्समधलं तुझं घर त्या ॲपच्या पोटात असतं. ॲप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा साफ केला की घरासकट सगळं जातं, रिसायकल बिन वगैरे काही नाही. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या एका पोराचं तीन महिन्यांचं काम असंच गेलं. लग्नाचे व्हिडिओ मावेनात म्हणून भावानं "हे काळं ॲप कशाला" म्हणत उडवलं. मग फाइली फोनच्या सामाईक स्टोरेजमध्ये ठेवू का? नुसत्या कोडच्या फाइली ठेवायला हरकत नाही, त्यासाठी टर्मक्स-सेटअप-स्टोरेज ही कमांड एकदा दे. पण पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा नोडचे पॅकेज तिथं बसवू नकोस. त्यांना सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडं बोट दाखवणाऱ्या फाइली लागतात आणि त्या स्टोरेजला त्या माहीत नाहीत.

खरा उपाय गिट. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर फुकट खातं काढ आणि रोज घरी पोचल्यावर पुश कर, म्हणजे कोड तिकडं पाठव. पासवर्ड विचारेल तेव्हा खात्याचा पासवर्ड टाकलास तर नाकारेल. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबनं गिटच्या कामासाठी तो बंद केलाय. एसएसएच-कीजेननं किल्ली बनव, तिचा सार्वजनिक भाग खात्यात चिकटव, पुन्हा पासवर्डची कटकट नाही. खाजगी भाग कुणालाही पाठवायचा नाही, मैत्रिणीलाही नाही, मलाही नाही. वेबपेज केलंस तर गिटहब पेजेसवर फुकट टाकता येतं, मुलाखतीला जाताना दुवा दाखवायला होतो.

मधेच टर्मक्स मेलं आणि सिग्नल ९ असं काहीतरी लिहून आलं तर तुझ्या कोडची चूक समजू नकोस. अँड्रॉइड १२ पासून मागं चालणाऱ्या अशा पोटप्रक्रियांवर सगळ्या ॲप मिळून ३२ ची मर्यादा आहे, ती ओलांडली की फोन त्या मारून टाकतो. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन बंद करायची सोय आली. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात त्याआधीच मारतात. टर्मक्ससाठी बॅटरीचं बंधन काढून ठेव.

इंटरनेट चांगलं मिळत असेल तर आणखी एक वाट आहे. गिटहब कोडस्पेसेसमध्ये मशीन त्यांचं, पडदा तुझा. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट असतात, म्हणजे २ कोअरचं मशीन घेतलंस तर ६० तास. काम झालं की बंद कर, नाहीतर ते तास नुसतेच गळतात. पण लहान पडद्यावर व्हीएस कोड या एडिटरची ती सगळी बटणं म्हणजे मुंगीच्या डोक्यावर फेटा. मी ते फोनवर क्वचित वापरतो. पायथनमध्ये डेटाचं काही करायचं असेल तर गूगल कोलॅब फोनच्या ब्राउझरमध्ये त्यापेक्षा बरं चालतं.

पैसे जमले की लॅपटॉपच्या आधी एक गोष्ट घे: वायरचा साधा कीबोर्ड आणि ओटीजीचा तुकडा (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा). दोन्ही मिळून दोन मटण ताटांच्या पैशात येतं. घ्यायच्या आधी तुझा फोन ओटीजी घेतो का ते कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावून बघ. कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड जातो, फोन आडवा टेकवून ठेवता येतो आणि ओळीही पुऱ्या दिसतात. उभ्या फोनवर एका ओळीत चाळीस-पन्नास अक्षरंच मावतात, तर पायथनवाल्यांचा शिष्टसंकेत ७९ अक्षरांचा आहे. म्हणूनच फोनवर लिहिताना फंक्शन लहान ठेव. एका नजरेत न मावणारं फंक्शन दिसलं की त्याचे दोन कर. ही सवय लागली तर पुढं मोठ्या मशीनवरही तुझा कोड वाचायला सोपा राहील. आमच्याकडं काही पोरं येतात, मोठा मॉनिटर मिळाला की तीनशे ओळींचं एकच फंक्शन लिहितात आणि मग मला शोधायला लावतात.

जे होणार नाही तेही ऐक. अँड्रॉइड स्टुडिओ फोनवर नाही. जावाचा मोठा प्रोजेक्ट, चार माणसांनी मिळून करायचं काम, दहा फाइली एकदम उघडून एकमेकींशी ताडायचं काम, हे फोनवर करू नकोस, डोकं फिरेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मशीन लागणारच, त्याची तजवीज आतापासून बघ. जुना, कंपनीतून निघालेला लॅपटॉप शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्यांकडं विचारून ठेव. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असला की पुरे, चमकायला नको. तोवर लॅबचे आठवड्याचे दोन तास टाइप करण्यात घालवू नकोस. वहीत आणि फोनवर जिथं अडलीस ते प्रश्न घेऊन जा, मोठा पडदा फक्त त्या गाठी सोडवायला वापर. मैत्रीण टाइप करत असेल तेव्हा तू मागून वाच, चुका तुला आधी दिसतील.

आता आज संध्याकाळी तो पाण्याच्या पातळीचा प्रोग्रॅम करून बघ. अडलीस तर मला एररचा स्क्रीनशॉट पाठवू नकोस. पूर्ण मजकूर कॉपी करून, ज्या ओळीत एरर आहे ती ओळ आणि तिच्या वरची एक ओळ यांच्यासकट पाठव. फोटोत सरळ अवतरण आणि वाकडं अवतरण मलाही सारखंच दिसतं.